उंदरावर गुण आला, म्हणजे औषध सापडले?

सांधे धरले की निर्गुंडीच्या पाल्याचा शेक द्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. निर्गुंडीच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेत उंदरांना देऊन पाहिला गेला असून वेदनाशामक परिणामाचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले आहेत. मात्र अशा निष्कर्षांचा अर्थ लावताना बऱ्याचदा गल्लत होते.

गैरसमज : उंदराची वेदना थेट मोजली जाते.
वस्तुस्थिती : मोजतात ती फक्त हालचाल. ‘हॉट प्लेट’ चाचणीत साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर उंदराला ठेवतात आणि तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते नोंदवतात. इजा होऊ नये म्हणून ठरलेली मुदत संपताच त्याला उचलून घेतात. दुसऱ्या एका चाचणीत पोटात सौम्य अॅसेटिक आम्ल टोचून, तो कळ येऊन किती वेळा अंग ताणतो ते मोजतात.

गैरसमज : हालचाल मंदावली, म्हणजे दुखणे थांबले.
वस्तुस्थिती : गुंगी आली किंवा स्नायू ढिले पडले, तरी उंदीर स्वस्थच बसतो. म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर ठेवून तोल सांभाळता येतो का, हे वेगळे तपासावे लागते. तुलनेसाठी एका गटाला अर्काविना नुसते द्रावण, तर दुसऱ्याला मॉर्फिनसारखे माहितीतले औषध देतात.

गैरसमज : एका चाचणीत गुण आला, की सगळ्या दुखण्यांवर चालेल.
वस्तुस्थिती : पंजात फॉर्मॅलिन टोचल्यावर वेदनेचे दोन टप्पे दिसतात. पहिली सुमारे पाच मिनिटे मज्जातंतूंना थेट झोंबते. पंधरा-वीस मिनिटांनंतरच्या वेदनेत दाहाचा मोठा वाटा असतो. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबते, अॅस्पिरिनच्या जातीची औषधे मुख्यतः दुसरा. अर्क कोणत्या टप्प्यावर चालला, यावरून त्याच्या कामाची दिशा कळते.

गैरसमज : उंदराचा डोस वजनाच्या हिशेबाने वाढवला, की माणसाचा डोस मिळतो.
वस्तुस्थिती : लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. पांढऱ्या उंदराचा दर किलोमागचा डोस माणसासाठी ढोबळमानाने १२.३ ने भागतात. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिले असतील, तर ६० किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकाराने १२ ग्रॅम येतात. या सूत्राने जेमतेम १ ग्रॅम. तोही फक्त अंदाज. मानवी चाचणीचा सुरुवातीचा डोस याहूनही कमी ठेवतात.

गैरसमज : झाडात सापडले, म्हणजे ते झाडाचेच.
वस्तुस्थिती : २०१३ मध्ये कॅमेरूनमधल्या एका झाडाच्या मुळांत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक सापडल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला : तिथले शेतकरी गुरांना हेच औषध देतात, ते मलमूत्रातून मातीत आणि मातीतून मुळांत गेले. त्यावरून बराच वाद झाला.

उंदरांवरच्या यशानंतर विषारीपणाच्या आणि माणसांवरच्या चाचण्या बाकी असतात. बरेचसे अर्क तिथवर पोहोचतच नाहीत. त्यामुळे अशी बातमी वाचून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका, आणि कोणताही काढा सुरू करण्यापूर्वी त्यांना विचारा.