औषधांची पिशवी एकदा टेबलावर रिकामी करा

नाशिकच्या अनेक घरांत फ्रीजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी औषधांची एक पिशवी असते. ती एकदा टेबलावर रिकामी करून बघा. बीपीच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या सापडू शकतात, एक फॅमिली डॉक्टरांनी दिलेली आणि एक हृदयरोगतज्ज्ञांनी. पाकिटं उलटी केली की बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच नाव दिसतं: टेल्मिसार्टन ४० मिलीग्रॅम. म्हणजे आजोबा रोज दुप्पट डोस घेत असतात आणि उठताना चक्कर आली की वयाला दोष देतात.

अशी पिशवी डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनी मिळून तपासायला हवी. त्याआड येतात ते आपलेच काही गैरसमज.

गैरसमज : सगळं डॉक्टरांनीच लिहून दिलंय, मग तपासायचं काय?

वस्तुस्थिती : प्रत्येक डॉक्टर समोरच्या तक्रारीसाठी योग्य तेच लिहितात, पण सगळे कागद एकत्र कोणासमोर येतच नाहीत. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही तिन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर असतील. तरीही तिन्ही रोज एकत्र पोटात गेली, तर वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. त्यातली वेदनाशामक गोळी कित्येकदा चिठ्ठीशिवाय घेतलेली असते, त्यामुळे डॉक्टरांना तिचा पत्ताही नसतो.

गैरसमज : केमिस्ट म्हणजे गोळ्या विकणारा दुकानदार.

वस्तुस्थिती : फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. त्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी त्याच्यावर आणखी जबाबदारी टाकली. एकच औषध दोनदा आलंय का, दोन औषधांचं आपसात जमतं का, डोस बरोबर आहे का, हे त्याने पाहायचं आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी बोलायचं. औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावून सांगणं हेही त्याचंच काम.

फार्मासिस्टच्या साध्या प्रश्नांतून काय हाती लागतं ते पाहा.

“आजी, थायरॉइडची गोळी कधी घेता?”

“सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी.”

“आणि कॅल्शियमची?”

“तिच्याबरोबरच. दोन्ही एका घोटात.”

दोन्ही चिठ्ठ्या बरोबर आणि आजीही शिस्तीच्या. पण कॅल्शियममुळे थायरॉइडचं औषध अंगात नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं लागतं. हे लक्षात आलं नाही, तर रिपोर्ट बिघडलेला पाहून डॉक्टर डोस वाढवत राहतील.

गैरसमज : फार्मासिस्टने शंका काढणं म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ.

वस्तुस्थिती : निदान आणि औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. लिहिलेल्या शेड्यूल एच (फक्त चिठ्ठीवर मिळणाऱ्या) औषधाऐवजी परस्पर दुसरं देण्याची मुभा नियमांनी फार्मासिस्टला दिलेली नाही. त्याने शंका डॉक्टरांपर्यंत पोचवायची. ऑस्ट्रेलियात २००१ पासून हे रीतसर चालतं. फॅमिली डॉक्टर रुग्णाचं नाव सुचवतात, फार्मासिस्ट घरी जाऊन औषधं पाहतो आणि अहवाल परत त्याच डॉक्टरांकडे जातो.

आपल्याकडे दोघांची ओळख उशिरा होते. भावी डॉक्टर नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली शिकतात, तर शहरातली बरीच फार्मसी महाविद्यालयं पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ज्या शहरात गोळे कॉलनीसारखी औषधांची मोठी बाजारपेठ आहे, तिथे दवाखाना आणि मेडिकल यांच्यात एका फोनचं अंतरही उरू नये.

गैरसमज : औषधांचा आढावा म्हणजे गोळ्या कमी करणं.

वस्तुस्थिती : कधी गोळी कमी होते, कधी फक्त वेळ बदलते, कधी राहून गेलेलं औषध सुरू होतं. मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका. हृदयाची काही औषधं आणि बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स एकदम बंद केली, तर जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : खाण्यापिण्याचं आणि काढ्यांचं काय सांगायचं?

वस्तुस्थिती : तेही सांगायचं. ज्येष्ठमध बरेच दिवस जास्त घेतलं, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. उलट आपल्याकडची द्राक्षं विनाकारण बदनाम होतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर टाळायला सांगतात ते ‘ग्रेपफ्रूट’, म्हणजे पपनसाच्या जातीचं आंबट फळ. त्याचा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांशी संबंध नाही. मधुमेह असेल, तर द्राक्षांतल्या साखरेचा विचार मात्र करावा लागतो.

मग करायचं काय?

शक्यतो एकाच मेडिकलमधून औषधं घ्या. सगळी पाकिटं, टॉनिकं, चूर्णं पिशवीत भरा आणि आधी फार्मासिस्टसमोर मांडा. मूळ औषधाचं नाव, डोस, वेळ आणि कोणी दिलं, अशी यादी त्याच्याकडून करून घ्या. त्याच्या शंका त्याच यादीखाली लिहून घ्या आणि ती फॅमिली डॉक्टरांकडे न्या. औषधाचा त्रास झाला असेल, तर तोही सांगा. त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर रुग्ण स्वतःही करू शकतो.

आपल्या आईवडिलांची पिशवी या रविवारी उघडा. दोन पाकिटांच्या मागे एकच नाव दिसलं, तर सोमवारी सकाळी सगळ्यात आधी ती पिशवी घेऊन फार्मासिस्टकडे जा.