सागरतीरी एक रात्र

कीटक म्हटला की घरात प्रथम आठवतो तो झाडू. परंतु ज्या वयात मूल मुंग्यांची रांग तासन् तास न्याहाळते, त्याच वयात त्याच्या कुतूहलास वळण लागले, तर भीतीची व निष्कारण क्रौर्याची जागा ज्ञान घेते. ह्यासाठी समुद्रकाठचा एका रात्रीचा मुक्काम हे उत्तम साधन होय.

रायगड जिल्ह्यातील फणसाडचा परिसर अशा सहलीस सोयीचा आहे. जंजिऱ्याच्या नबाबाचे हे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. रान आणि काशीदची पुळण येथे जवळजवळ आहेत. अभयारण्यात जाण्यास वनखात्याची परवानगी घ्यावी. रात्रीचे निरीक्षण गावातील अंगणातच करावे.

पावसाळा सरल्यावर अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडावा. काळोखात पतंग दिव्याकडे अधिक येतात. शिवाय कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानाने कळते. चतुर्थीस तीन, तर अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सायंकाळी व पहाटे पुळण मोकळी सापडते. पाण्यात मात्र कोणीही उतरू नये.

सायंकाळी वाळूवर झडप घालून भक्ष्य पकडणारे चपळ भुंगेरे दिसतील, वर चतुर घिरट्या घालतील. त्यांतील 'पँटाला' जातीचा चतुर मोठा प्रवासी! मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नसतानाही दर वर्षी ऑक्टोबरपासून त्यांचे थवे उतरतात. ते भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन येतात व पुढे आफ्रिकेकडे जातात, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन ह्या शास्त्रज्ञाने २००९ साली मांडला. उलट, खुल्या महासागरात जन्म काढणारे कीटक म्हणजे 'हॅलोबॅटिस' ह्या पाणकीटकाच्या अवघ्या पाच जाती.

रात्री दोरीवर पांढरी चादर ताणून तिच्यापुढे दिवा लावावा. पतंगांना दिव्याचा मोह पडतो, असे आपण म्हणतो. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निराळेच आढळले. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. आकाशाखाली ही सवय त्यांना सावरते, दिव्यापाशी मात्र तीच त्यांना गोल गोल फिरवीत ठेवते. म्हणून दोन तासांनी दिवा मालवावा व चादर हलकेच झटकावी. रात्रभर जळणारा दिवा पाहुण्यांचा बळी घेतो, हे मुलांस समजले की घरातील अनावश्यक दिवेही ती आपण होऊन मालवतील.

टाचणी व बाटली घरीच ठेवावी. वही, पेन्सिल व भिंग पुरेसे. वेळ, वारा, रंग आणि संख्या मुलांनी स्वतः टिपावी. नाव न कळल्यास चित्र काढावे. नाव मागाहून शोधता येते.

लखनौच्या तेलीबागेतील मराठी कुटुंबास समुद्र दूर खरा. पण चादर गच्चीवरही बांधता येते, आणि पावसाळ्यात तोच प्रवासी चतुर तेथील आकाशातही दिसतो. कोकणातील भावंडांशी वह्यांची अदलाबदल केली, तर दोन्हीकडच्या मुलांस एकाच पाहुण्याची दोन घरे ओळखता येतील.