सियान आणि सठियाना : रायपूरमधील स्मृतिभ्रंशाचा भाषिक प्रश्न

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाभोवती आधाराचे जाळे विणायचे तर त्याचा पहिला धागा भाषेचा असतो. हे विधान वाङ्मयीन हौसेचे वाटेल. रायपूरमध्ये मात्र ते रोजच्या व्यवहाराचे आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढमध्ये मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात छत्तीसगढी असा त्यांचा भाषाव्यवहार. स्मृती ओसरू लागली की मागाहून आत्मसात केलेली भाषा पुष्कळदा आधी क्षीण होते आणि बालपणीची अधिक काळ टिकते. हैदराबादच्या 648 रुग्णांच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विभाषिकांमध्ये आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. आजार लांबवणारी हीच बहुभाषिकता पुढे घराला पेचात टाकते. आजी मराठीकडे परततात, सांभाळणारी बाई छत्तीसगढी बोलते आणि नातवंडांची मराठी तुटपुंजी असते. अशा वेळी चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेतून कोणी येऊन तासभर मराठीत बोलत बसला, तर तीही शुश्रूषाच होय.

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (2013) या विधानाला छेद देतो. त्यातील संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे भरकटतात आणि माहुताच्या कानडी बोलणाऱ्या पत्नीत त्यांना आई दिसते. निदान ठाऊक नसताना ती त्यांना जेवू घालते. परंतु तो सहवास अल्पकाळचा. घरच्यांपुढे वर्षे असतात.

दुसरा प्रश्न नावाचा. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, हिंदीतील ‘सठियाना’ : या शब्दांत आजार वयाचा विनोद होतो, आणि विनोदाचा विषय झालेले दुखणे घरे लपवतात. लपवलेल्या दुखण्याला शेजारी कसा धावून येणार? जपानने 2004 मध्ये खुळेपणा सूचित करणारी जुनी संज्ञा टाकून ‘बोधविकार’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. 2005 पासून तेथे सामान्य नागरिकांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण देऊन साहाय्यक केले जाऊ लागले. क्रम लक्षणीय आहे : आधी शब्द बदलला, मग माणसे जमली.

छत्तीसगढीत वडीलधाऱ्याला ‘सियान’ म्हणतात. आपला ‘शहाणा’ त्याच कुळातला. बुद्धी ढळू लागलेल्यालाही सियानच म्हणणारी ही बोली उदार आहे, परंतु तो शब्द आजाराविषयी काहीच सांगत नाही. पानठेल्यावर वाट चुकून उभ्या राहिलेल्या आजोबांना ओळखायचे, तर ठेलेवाल्याला ‘सियान’बरोबर ‘स्मृतिभ्रंश’ हाही शब्द ठाऊक हवा आणि ‘चला, घरी जाऊ’ एवढे मराठीही.