सरकारी बोटीने अंदमान

पुण्या-मुंबईत अंदमानचं जे पॅकेज विकलं जातं, त्यात बहुधा पाच रात्री आणि सहा दिवस असतात. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी खाजगी कॅटामरानने हॅवलॉक, मग नील, मग परत पोर्ट ब्लेअर आणि विमानतळ. बराचसा वेळ जेट्टीवर, गाडीत आणि खोली ताब्यात मिळण्याची वाट बघण्यात जातो, आणि चौघांच्या कुटुंबाला खर्च चांगलाच जड पडतो. हीच बेटं, शिवाय आणखी एखादं, पुष्कळ कमी पैशांत आणि अधिक निवांतपणे पाहता येतात. मात्र त्यासाठी सहल आखण्याचा क्रम बदलावा लागतो. आधी बोट आणि मग खोली, कारण अंदमानात बोट म्हणजे तिथली एसटी आहे.

नकाशा समोर घेतला की हे लगेच पटतं. अंदमान-निकोबारची साखळी उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरहून लांब पसरली आहे. लहानमोठी बेटं आणि खडक मिळून सरकारी मोजदाद ८३६ भरते आणि माणसांची वस्ती आहे जेमतेम तीसेक बेटांवर. या वस्त्यांना जोडण्याचं काम प्रशासनाचं नौवहन संचालनालय करतं. त्याच्या बोटींतून शिक्षक बदलीच्या गावी जातात, बाळंतिणी दवाखान्यात येतात, नीलची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजाराला पोचते. बेटवासीयांसाठी तिकिटाचा दर कमी आहे आणि बाहेरच्यांसाठी जास्त. तो जास्तीचा दरही परवडणारा असतो. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक सरकारी बोटीने काही शे रुपयांत होतं, तर खाजगी कॅटामरानला हजाराच्या पुढे आणि वरच्या वर्गात त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात. हा फरक चार माणसं आणि तीन फेऱ्या असा गुणला की शिल्लक रकमेत एका बेटावरचा मुक्काम निघतो.

नावांचा थोडा घोळ आधीच निस्तरायला हवा, नाहीतर तिकीट काढताना गोंधळ होतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम ठेवण्याची घोषणा झाली. कागदोपत्री नवी नावं आहेत, जेट्टीवर आणि रिक्षात अजून सर्रास जुनी चालतात, म्हणून इथेही जुनीच वापरतो आहे.

सरकारी बोट कॅटामरानपेक्षा हळू जाते. कॅटामरान हॅवलॉकला साधारण दीड तासात पोचवते, सरकारी बोट दोन-अडीच तास घेते. पण कॅटामरानमध्ये बहुतेक वेळ वातानुकूलित दालनात काचेआड बसावं लागतं. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. पाणी हिरव्याचं निळं आणि निळ्याचं जवळपास काळं होताना दिसतं, पुढे उडणारे मासे सुटतात, आणि शेजारी उभा असलेला गावकरी समोरचं बेट कुठलं ते सांगतो. माझ्या मते प्रवासातले हे दोन तास वाचवण्यासारखे नाहीतच.

अडचण तिकिटाची आहे. पोर्ट ब्लेअरच्या बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, तिथेच खिडकी आहे आणि आता ऑनलाइनही तिकीट काढता येतं. पण वेळापत्रक फार आधी जाहीर होत नाही, जागा मोजक्या असतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत त्या पटकन भरतात. त्यामुळे गर्दीच्या हंगामात जाणाऱ्याने हट्ट धरू नये. जाताना खाजगी आणि येताना सरकारी, असा मेळ घातला तरी बरीच बचत होते. प्रत्येकाचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र जवळ हवं. आणि बोट पर्यटकांच्या सोयीसाठी सुरू झालेली नाही, एवढं भान असावं. बेटावरच्या आजारी माणसाला पुढे जायचं असेल तर त्याला आधी जाऊ द्यावं, हे सांगायची वेळ येऊ नये.

आता हवामान. मे महिन्याच्या मध्यानंतर नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात उतरतो, केरळच्याही आधी. सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. आपल्याकडे दिवाळी ते नाताळ हा सहलीचा सोन्यासारखा काळ समजला जातो, पण अंदमानात याच दिवसांत बोटी रद्द होण्याची शक्यता असते. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ बनलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. समुद्र सर्वांत शांत असतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये उकडतं, हे खरं. पण पाणी काचेसारखं नितळ असतं, परीक्षांमुळे मार्चपर्यंत गर्दी कमी असते आणि खोल्यांचे दर उतरलेले असतात. ज्यांच्या घरात शाळकरी मुलं नाहीत, त्यांनी मार्च सोडू नये.

यातून आखणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. परतीच्या विमानाआधीचा किमान एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये असला पाहिजे. दुपारी दोनचं विमान आणि सकाळची हॅवलॉकहून बोट, असं गणित कागदावर जमतं. बोट रद्द झाली की विमानाचं तिकीट वाया, नवं तिकीट ऐनवेळच्या दराने, शिवाय एक जास्तीची रात्र. तिकिटांवर वाचवलेलं सगळं त्या एका सकाळी जातं. म्हणून विमानतळावर उतरल्यावर पोर्ट ब्लेअरमध्ये रेंगाळू नये. शक्य तितक्या लवकर लांबच्या बेटावर जावं आणि तिथून टप्प्याटप्प्याने परत यावं. सेल्युलर जेल शेवटी ठेवावं.

हॅवलॉक, नील आणि पोर्ट ब्लेअर या त्रिकोणात प्रत्येक बाजूला थेट बोट मिळते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने या तिन्हींवर समाधान मानावं. आठ दिवस असतील तर हॅवलॉकला तीन रात्री आणि नीलला दोन-तीन. बेट बदलण्यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे जातात. सामान वाहण्याचे कष्ट वेगळेच. बेटांची संख्या वाढवण्यापेक्षा मुक्काम लांबवलेला स्वस्त पडतो, आणि चौथ्या दिवशी चहावाला तुम्हाला ओळखू लागतो.

हॅवलॉकवर किनाऱ्यांना क्रमांक आहेत. राधानगर हा सात नंबर. त्याला २००४ मध्ये ‘टाइम’ने आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं आणि तेव्हापासून गर्दी वाढली, तरी तो खरोखर मोठा आणि देखणा आहे, मागे महुआच्या उंच झाडांची भिंत आहे. जेट्टीपासून तिथपर्यंत सरकारी बस जाते. तिच्या वेळा विचारून ठेवल्या तर दिवसभराची टॅक्सी करायची गरज नाही. राहायला राधानगर महाग आहे. तीन नंबरचा बाजार म्हणजे गोविंदनगर, त्याच्या आसपास साध्या खोल्या मिळतात आणि बंगाली खानावळीत माशांचं ताट मिळतं. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यामुळे ताटातली मोहरीची चव अगदी घरची असते.

वाचवलेले पैसे कुठे खर्च करायचे, याचंही माझ्याकडे ठाम उत्तर आहे. एकदा पाण्याखाली जाण्यासाठी. हॅवलॉक हे स्कूबाचं केंद्र आहे, पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यात उतरता येतं. दर तुलना करून ठरवावेत, पण सर्वांत स्वस्त जागा निवडू नये. एका प्रशिक्षकामागे किती जण उतरवतात आणि उपकरणं कशी ठेवली आहेत, ते बघावं. पाण्यातून वर आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी विमान असेल तर स्कूबा करू नये. प्रवाळावर पाय ठेवू नये. २०१० मध्ये समुद्राचं तापमान वाढून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्यातून जे सावरत आहेत ते एका लाथेने मोडतात. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणायचा नाही. तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅगेतून काढून घेतला जातो.

किनाऱ्यांवर मगरींबद्दल पाट्या दिसतील. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे आहेत, आणि २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरजवळ एका अमेरिकन पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये आणि जीवरक्षक नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

नील लहान आहे, सायकलवर अख्खं बेट फिरून होतं. इथल्या किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी आहेत. सीतापूर पूर्वेला आहे, तिथे सूर्योदय बघावा, आणि लक्ष्मणपूरला सूर्यास्त. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या भागात खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत ओहोटीतच चालत जाता येतं, आणि उघड्या पडलेल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या आणि रंगीत मासे दिसतात. उलट भरतपूरला पोहायचं तर पाणी भरलेलं हवं, ओहोटीत तिथे प्रवाळ पायाखाली येतो. म्हणजे नीलचा दिवस घड्याळावर आखता येत नाही, तो भरती-ओहोटीवर आखावा लागतो. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, आणि भरतीची वेळ रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकते, एवढं इथेही लागू पडतं. मात्र मुंबई-रत्नागिरीची भरतीची वेळ इथे चालत नाही. ती खोलीच्या मालकाला विचारून घ्यावी.

घड्याळाचं आणखी एक. अंदमान मुंबईच्या जवळपास वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि हिवाळ्यात सव्वापाचच्या आसपास मावळलेला असतो. जो नऊला न्याहारी करून बाहेर पडतो, त्याचा अर्धा दिवस गेला. पहाटे पाचला उठायची सवय लावून घेतली तर दुपारच्या उन्हात झोप काढता येते.

ज्यांच्याकडे जास्त दिवस आहेत त्यांना उत्तरेकडे जायचा मोह होतो. लाँग आयलंडचा लालाजी बे, रंगतचा किनारा, मायाबंदरजवळ १९२५ पासून वसलेली करेन लोकांची वेबी वस्ती, आणि दिगलीपूरला रॉस (वर आलेल्या रॉसहून वेगळं) आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटं. ही ठिकाणं जायलाच हवीत अशी आहेत. प्रश्न कसं जायचं, हा आहे. बसने किंवा टॅक्सीने गेलं तर अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा करून ठरलेल्या वेळी सोडतात. फोटो काढणं, थांबणं, काही देणं, सगळं गुन्हा आहे. जारवा सुमारे चार-पाचशे उरले आहेत. १९९७ च्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्या माणसांपासून दूर राहिले आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो चालूच राहिला. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला जाणारे पुष्कळ पर्यटक खरं तर वाटेत जारवा दिसतील म्हणून जातात, आणि काही टॅक्सीवाले तसं सांगूनच गिऱ्हाईक मिळवतात. माणसं बघायला माणसांच्या जंगलातून गाडी नेणं मला मान्य नाही. उत्तरेला जायचं असेल तर समुद्रमार्गे जावं. पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकहून रंगत आणि लाँग आयलंडकडे सरकारी बोटी आहेत, दिगलीपूरकडेही आठवड्यातून मोजक्या फेऱ्या असतात. त्या रोज नसतात, म्हणून दिवस जास्त ठेवावे लागतात. तेवढे दिवस नसतील तर उत्तर पुढच्या वेळेसाठी ठेवावी. निकोबार हा बहुतांश आदिवासींसाठी राखीव भाग आहे, त्याचा सहलीसाठी विचारच करू नये.

मुख्य भूमीवरून बोटीनेच जाणंही शक्य आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं सुटतात आणि साधारण तीन दिवस घेतात. बंक वर्गाचं भाडं विमानाच्या तुलनेत फारच कमी. पण तारखा पुढे-मागे होतात, स्वच्छतागृहं सगळ्यांची एकत्र असतात आणि बंक वर्गात तीन रात्री काढणं प्रत्येकाला झेपत नाही. निवृत्त किंवा विद्यार्थी यांच्यासाठी, तेही एका बाजूने, ठीक आहे. सावरकरांना १९११ मध्ये मद्रासहून ‘महाराजा’ जहाजाने याच समुद्रातून नेलं होतं. ४ जुलैला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, ते अंदमानात उतरले.

बोट लागणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या बाजूला बसावं, क्षितिजाकडे बघावं, आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. बोट हलू लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नसते. रोख पैसे पुरेसे बाळगावेत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची ऑप्टिकल केबल आली आणि संपर्क पुष्कळ सुधारला, पण लहान बेटांवर फोनवरून पैसे देताना अजून खोळंबा होतो.

शेवटच्या राखीव दिवशी सगळ्या बोटी वेळेवर सुटल्या असतील तर पोर्ट ब्लेअरला हातात पूर्ण दिवस मिळतो. सेल्युलर जेलच्या सातपैकी तीनच शाखा आज उभ्या आहेत. सकाळी दार उघडताच जावं, गटांची गर्दी होण्याआधी कोठड्यांपुढे शांतपणे उभं राहता येतं. दुपारी चाथमच्या जेट्टीवरून बांबूफ्लॅटला जाणारी प्रवासी बोट घ्यावी. अगदी थोडक्या रुपयांत, पंधराएक मिनिटांत ती खाडी ओलांडते. पलीकडे माउंट हॅरिएट आहे, २०२१ पासून माउंट मणिपूर. १८९१ च्या इंग्रज-मणिपुरी युद्धातले कैदी इथे आणले गेले होते, त्यांच्या आठवणीसाठी हे नाव. तिथून नॉर्थ बेच्या दीपगृहाचं जे दृश्य दिसतं तेच जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे छापलेलं आहे. परतीची बोट अंधार पडायच्या आत गाठायची, आणि हिवाळ्यात अंधार इथे सव्वापाचलाच पडायला लागतो.