स्वस्त मालाचा भार कोणावर?



अमेरिकेत १९६२ साली निघालेले वॉलमार्ट आज जगातले सर्वांत मोठे किरकोळ दुकानदार आहे. माल स्वस्त, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण तिथल्या कित्येक कामगारांना सरकारी अन्नमदत आणि औषधोपचार घ्यावे लागतात, हे २०२० च्या सरकारी तपासणीत दिसले. म्हणजे पगारात वाचवलेला पैसा अखेर करदात्याच्या खिशातून जातो. २००६ साली मेरीलँड राज्याने कायदा केला : दहा हजारांवर नोकर असतील, तर पगाराच्या ८ टक्के आरोग्यावर खर्चा, नाहीतर कमी पडेल ते सरकारात भरा. २००७ साली अपिलातही तो टिकला नाही. स्वस्ताईचा फायदा गरिबालाच होतो, अशीही दुसरी बाजू मांडली जाते.

याचा उसाशी काय संबंध, असे आपण म्हणाल. आपल्या फडात कोयता चालवणारे जोडपे मुकादमाच्या उचलीवर येते. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. आजारपणाचा खाडा त्यांच्याच अंगावर पडतो. फडावर प्यायचे पाणी, पोरांना साखरशाळा, बाळंतिणीला विसावा, एवढे तरी आपल्या हातात आहे. ऊस वेळेवर तुटावा वाटते ना? मग तोडणाऱ्याचीही काळजी घ्यावी, असे आम्हांस वाटते.