कलमे नंतर, मुदत आधी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. पगाराचे आणि ग्रॅच्युइटीचे काय होणार, यावर रकानेच्या रकाने छापून आले. वकिलांच्या ऑफिसात फायली सांभाळणाऱ्या माणसासाठी या बदलाचा अर्थ काय, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मोठ्या फर्ममध्ये त्याला पॅरालीगल म्हणतात, तालुक्याच्या कोर्टात तो वकीलसाहेबांचा कारकून असतो. काम साधारण तेच: प्रकरण दाखल करणे, ऑब्जेक्शन काढणे, बोर्ड पाहणे, नकला मिळवणे, तारखा सांभाळणे. दिवाणीतून कामगार न्यायालयाकडे किंवा फौजदारीतून कंपनी न्यायाधिकरणाकडे वळावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही वेळ चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात कलम ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८ झाले आणि फौजदारीत मुरलेल्या माणसालाही आकडे नव्याने शिकावे लागले. आता कामगार कायद्यातही तेच घडते आहे. पाठांतराच्या जोरावर जुन्यांकडे असलेली आघाडी अशा वेळी कमी होते आणि नव्याला आत शिरायला जागा मिळते. शिवाय अडवणारे कोणी नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली वकिलाला सनद लागते. त्याच्या सहायकाला शाखा बदलायला कोणती परीक्षा किंवा परवाना लागत नाही. पण म्हणूनच त्याला शिकवण्याची जबाबदारीही कोणावर नाही.

शाखा बदलणारा माणूस बहुधा नव्या कायद्याचे पुस्तक आणतो आणि पहिल्या कलमापासून वाचायला बसतो. हे चुकीच्या टोकाकडून सुरू करणे आहे. चुकलेले कलम वकिलाच्या नजरेला पडते, दुरुस्त होते. जुन्या शाखेतून नकळत सोबत आलेली मुदत मोजण्याची सवय मात्र कोणाला दिसत नाही. दिसते तेव्हा हक्क गेलेला असतो. लेखी कैफियतीचेच पाहा. साध्या दिवाणी दाव्यात ३० दिवस, फार तर ९० दिवस असे कायदा सांगतो, पण त्यानंतरही अपवादात्मक कारण असेल तर न्यायालय कैफियत घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे. तोच कागद व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत गेला नाही, तर तो दाखल करण्याचा हक्कच संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर याबाबत शंकेला जागा उरलेली नाही. साध्या दिवाणीत वर्षे काढलेल्या कारकुनाच्या अंगवळणी पडलेला ‘विलंबमाफीचा अर्ज देऊ’ हा विचार तिथे पक्षकाराला बुडवतो.

मोजण्याची रीतच उलटी होते, असेही एक ठिकाण आहे. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये, ज्या दिवसापासून मुदत सुरू होते तो दिवस सोडून मोजायचे असते. दिवाणीतल्या माणसाला हे झोपेतही आठवते. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आले नाही तर आरोपीला मिळणाऱ्या डिफॉल्ट बेलचा हिशेब मात्र वेगळा आहे. कपिल वाधवान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये रिमांडचा पहिला दिवस धरूनच मोजायचे, असे ठरवले. दिवाणीच्या सवयीने मोजणारा अर्ज एक दिवस उशिरा करेल. त्या एका दिवसात पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले, तर जामिनाचा तो हक्क हातचा जातो आणि माणूस आतच राहतो.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो व्ही. नागराजन विरुद्ध एसकेएस इस्पात हा ऑक्टोबर २०२१ चा निकाल. शाखा बदलणाऱ्या प्रत्येक सहायकाने तो मुळातून वाचावा. दिवाळखोरी संहितेखाली अपिलाला ३० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी १५, त्यापुढे एकही नाही. चेन्नईच्या न्यायाधिकरणाने ३१ डिसेंबर २०१९ ला खुल्या न्यायालयात आदेश सुनावला. अपीलकर्ता आदेशाच्या मोफत प्रतीची वाट पाहत राहिला. प्रमाणित प्रतीसाठी त्याने अर्जच केला नाही. अपील दाखल झाले जून २०२० मध्ये. तोवर टाळेबंदी आली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० पासून सगळ्यांनाच मुदतीत सवलत दिली होती, पण याची ४५ दिवसांची सीमा त्याआधीच, फेब्रुवारीच्या मध्यावर ओलांडली गेली होती. न्यायालयाचे म्हणणे असे, की घड्याळ आदेश सुनावल्या दिवसापासून चालू होते; नकलेचा अर्ज केला असता तर ती तयार व्हायला लागलेला वेळ वजा मिळाला असता; ज्याने अर्जच केला नाही त्याला तो आधार नाही. नकलेचा अर्ज हे आपल्याकडे कारकुनाचे काम समजले जाते, फारसा विचार न करता उरकण्याचे. त्या एका अर्जाअभावी अपील गुणदोषांवर ऐकलेच गेले नाही.

कामगार संहितांमध्येही घड्याळे बदलली आहेत, आणि सगळी एकाच दिशेने नाहीत. बडतर्फ कामगाराला जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात थेट न्यायालयाकडे जायला तीन वर्षे होती. नव्या संहितेत समेट अधिकाऱ्याचे दार दोन वर्षांनी बंद होते. उलट किमान वेतनाच्या थकबाकीसाठी जुन्या कायद्यात सहा महिने होते, तिथे वेतन संहितेने तीन वर्षे दिली. कामगार कायद्यात जन्म घालवलेला माणूस आणि काल आलेला माणूस, दोघांनाही हे नव्यानेच लिहून घ्यावे लागणार.

यावर आक्षेप येतील. विषयाचे ज्ञान वर्षांनीच येते, हा पहिला, आणि तो काही शाखांत खरा आहे. जमिनीच्या कामात फेरफार वाचून वारसांचा गुंता ओळखणे, जुन्या दस्तांचा सर्च घेताना कुठे थांबायचे ते कळणे, हे सहा महिन्यांत येत नाही. तिथे जाणाऱ्याने कमी पगार आणि दीर्घ उमेदवारी गृहीत धरावी. दुसरा आक्षेप, मुदती आता सॉफ्टवेअर मोजते. मोजते खरे, पण कोणत्या तारखेपासून, हे त्याला माणूसच सांगतो. नागराजन प्रकरणात नेमका तोच प्रश्न होता. तिसरा आक्षेप, जबाबदारी शेवटी वकिलाचीच. बरोबर. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटलेही होते. पण जिथे कायद्यानेच शेवटची सीमा आखली आहे, तिथे ही सहानुभूती उपयोगी पडत नाही.

म्हणून वकीलमंडळींना विनंती आहे. नवा सहायक घेताना ‘या शाखेत किती वर्षे?’ एवढ्यावर थांबू नका. एक जुनी फाइल हातात द्या आणि मुदत कोणत्या दिवशी सुरू झाली, कोणत्या दिवशी संपली आणि का, एवढे लिहून मागा. दुसऱ्या शाखेतून आलेल्या माणसाने काढलेल्या प्रत्येक तारखेवर पहिले सहा महिने दुसऱ्या कोणाची तरी सही घ्या. आणि शाखा बदलू पाहणाऱ्यांनी नव्या कायद्याचे पुस्तक उघडताच आधी मुदतीची आणि अपिलाची कलमे शोधावीत, बाकीचे पुस्तक नंतर वाचावे.