जोड सैल, दोष मालाला

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक सामान घ्यायचं तर पत्ते ठरलेले आहेत. घरचं असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड किंवा लोहार चाळ, गाडीचं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि लोकल पकडायचा कंटाळा आला असेल तर मोबाइलवरून मागवायचं. कुठून घ्यावं, किती घासाघीस करावी यावर आपल्याकडे तासन्‌तास बोललं जातं. घेतलेली वस्तू कुठल्या तारेने, कुठल्या फ्यूजमागे, कशाला जोडायची हा विषय मात्र ‘बसवणारा माणूस येईल’ या वाक्यावर संपतो. घर असो, गाडी असो की वेसाव्याच्या बंदरातली बोट, खोट बहुधा जोडात असते आणि बोल मालाला लागतो. या तिन्ही ठिकाणचे गैरसमजही म्हणूनच एकाच घराण्यातले आहेत.

‘भोकं चार आहेत, म्हणजे चार वस्तू चालतील’

घरातल्या लहान पिनेच्या सॉकेटची मर्यादा ६ अँपिअर असते. २३० व्होल्टला याचा अर्थ १३८० वॅट. एक्स्टेंशन बोर्डला भोकं चार असोत की आठ, ही मर्यादा सगळ्यांना मिळून आहे. १५०० वॅटची पाण्याची किटली एकटीच ती ओलांडते. मोठ्या पिनेचं सॉकेट १६ अँपिअरचं, म्हणजे सुमारे ३६८० वॅटचं. गिझर, मायक्रोवेव्ह, एसी यांची जागा तिथे. मोठी पिन लहान सॉकेटात घुसवून देणारं कन्व्हर्टर पाच-पन्नास रुपयांत कुठेही मिळतं. ते विकायला परवानगी का असावी, हे मला अजून कळलेलं नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘जास्त झालं तर एमसीबी पडेल की!’ नाही पडणार. भिंतीतल्या तारेवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर १० अँपिअरला तो हलणारही नाही, आणि तेवढ्यात बोर्डाची बारीक तार सोफ्यामागे तापत राहील. एमसीबी भिंतीतली तार राखतो. माणूस राखतो तो आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. आत गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ते अधूनमधून दाबून तो खरोखर पडतो का ते बघायचं असतं. बहुतेक घरांत ते बटण बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं.

‘तिसऱ्या पिनेचं एवढं काही नसतं’

या गैरसमजाला माझ्या लेखी क्षमा नाही. अर्थची पिन जाड आणि लांब असते ती मुद्दाम: प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. जुन्या इमारतींत कधी कधी अर्थिंगच नसतं किंवा गंजून संपलेलं असतं. मग एखादा वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या खुंटीला जोडून देतो. वस्तू चालते, बिल चुकतं होतं. पण त्या सॉकेटमागे कुठे न्यूट्रल तुटला, की मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. शिवाय पत्र्यावर गळलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जात असल्याने आरसीसीबीलाही गळती कळत नाही. अर्थिंग नसणं वाईट, खोटं अर्थिंग त्याहून वाईट.

लॅपटॉपच्या धातूला किंवा टीव्हीच्या मागच्या बाजूला हात लागला की मुंग्या येतात, आणि ‘पीस खराब आला’ म्हणून लोक तो बदलायला जातात. पुष्कळदा वस्तू ठणठणीत असते. अडॅप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बाहेरच्या धातूपर्यंत येतो. त्याला जायला अर्थ नसली की तो बोटातून जातो. तीन पिनेचा अडॅप्टर खऱ्या अर्थिंगला जोडला की मुंग्या थांबतात. झटका जोराचा असेल तर मात्र वस्तू लगेच बंद करून वायरमनला बोलवावं.

‘स्पाइक गार्ड लावलाय, आता काळजी नाही’

स्पाइक गार्डवरचा लाल दिवा बहुतेक वेळा एवढंच सांगतो की वीज आली आहे. संरक्षण शिल्लक आहे की नाही, हे सांगणारा वेगळा दिवा चांगल्या प्रतीच्या बोर्डांनाच असतो. आतला एमओव्ही नावाचा भाग क्षणभराचा उसळलेला दाब गिळतो, आणि असा प्रत्येक घास त्याचं आयुष्य कमी करतो. नावाला स्पाइक गार्ड आणि आत फक्त स्विच, असंही सर्रास विकलं जातं. खोक्यावर जूलचा आकडा नसेल तर ते साधं एक्स्टेंशन समजावं.

सोसायटीत एका रात्रीत मजल्यावरचे तीन-चार टीव्ही आणि फ्रिज एकदम जळतात, तेव्हा दोष विजेच्या कंपनीला किंवा टीव्हीच्या ब्रँडला मिळतो. बरेचदा झालेलं असतं ते असं: मीटर रूममध्ये थ्री फेज येते आणि ती घरोघर वाटलेली असते. तिथला सामाईक न्यूट्रल सैल होऊन सुटला की घरांमधला समतोल जातो. काही घरांना नेहमीपेक्षा कमी, तर काहींना ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, आणि तोही मिनिटांमागून मिनिटं. एवढ्या वेळेला स्पाइक गार्ड पुरा पडत नाही. तो स्वतःच जळतो. डीबीमध्ये, म्हणजे एमसीबीच्या पेटीत बसणारं, दाब वाढला की वीज तोडणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हा त्यावरचा इलाज आहे. त्याहून स्वस्त इलाज म्हणजे सोसायटीने परवानाधारक ठेकेदाराकडून मीटर रूममधले जोड वर्षातून एकदा आवळून घेणं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी किंवा टाटा, मुलुंडला महावितरण, पुरवठा कुणाचाही असो, मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची.

टीव्हीचाच विषय निघाला आहे तर ब्रॅकेटचंही सांगतो. ब्रॅकेट जाडजूड घेतला की टीव्ही पडत नाही, असं वाटतं. टीव्ही भिंतीतल्या पकडीवर लटकतो, आणि उपनगरातल्या भिंती एकसारख्या नाहीत. जुन्या इमारतीत वीट आणि प्लास्टर, नव्या टॉवरांत कुठे मायवानचं काँक्रीट, कुठे सिपोरेक्सचे हलके ब्लॉक, आणि हॉल वाढवण्यासाठी आपणच घातलेली जिप्समची पार्टिशन. विटेला चालणारा प्लास्टिकचा गुल्ला सिपोरेक्समधून अलगद निघून येतो. त्याला हलक्या ब्लॉकसाठीचेच अँकर लागतात. जिप्सममध्ये आतल्या लोखंडी पट्टीवर किंवा मागे घातलेल्या प्लायवर स्क्रू बसला पाहिजे. बसवणारा ड्रिल काढण्याआधी भिंत ठोकून बघत नसेल तर त्याला थांबवा.

चार्जरचं थोडक्यात. ‘६५ वॅटचा चार्जर २० वॅटच्या फोनला जाळतो’ हे खोटं. टाइप-सी चार्जर आणि फोन आधी आपसात बोलतात. फोन मागेल तेवढंच मिळतं. उलट लॅपटॉप संथ चार्ज होतो तेव्हा चार्जरला नावं ठेवली जातात आणि दोषी केबल असते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट नेते. त्यापुढे आत चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. एचडीएमआय केबलच्या सोन्याच्या मुलाम्याने चित्र उजळत नाही. आणि ‘सीई’ची अक्षरं म्हणजे युरोपच्या नियमांबद्दल उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा. भारतात बघायचं ते अडॅप्टर आणि पॉवर बँकवरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि प्लग-सॉकेटवरचा आयएसआय मार्क. दोन्ही बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतात. दुकानात उभ्या उभ्या तपासले तर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

गाडीत: ‘फ्यूज सारखा उडतोय, मोठा टाक’

फ्यूज हा तारेचा रखवालदार. १० अँपिअरच्या तारेवर २० चा फ्यूज घातला की आता फ्यूजच्या जागी तार जळणार, आणि ती डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमच्या कुशीत जळणार. हेडलाइटचंही तसंच. कंपनीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा, सुमारे ५ अँपिअर ओढणारा. त्याच होल्डरमध्ये १०० वॅटचा बल्ब बसवला की होल्डर वितळायला लागतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला की उजेड वाढल्यासारखा वाटतो. पण रिफ्लेक्टरची रचना हॅलोजन बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी केलेली असते. एलईडीचा उजेड रस्त्यावर कमी आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त पडतो.

‘कपलर टू कपलर बसवलंय, वायर कापली नाही, म्हणजे वॉरंटी शाबूत’ हे अर्धसत्य आहे. न कापणं चांगलंच, कारण काळ्या टेपने गुंडाळलेला जोड दोन उन्हाळ्यांत सुटतो. पण वॉरंटीचा निकाल पुस्तिकेतल्या अटींवर लागतो, आणि बाहेरच्या सामानामुळे झालेलं नुकसान त्यात सहसा वगळलेलं असतं. डॅशकॅमचं पार्किंग मोड चालू ठेवून चार दिवस गावाला गेलात तर परतल्यावर गाडीला धक्का मारावा लागू शकतो. ०.३ अँपिअर ओढणारा कॅमेरा दिवसाला ७ अँपिअर-अवर खातो, आणि लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. ठरावीक व्होल्टेजला स्वतः बंद होणारं हार्डवायर किट घ्यावं. गाडी उन्हात उभी राहत असेल तर लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला कॅमेरा बरा.

आता पावसाळ्याचा फॉरवर्ड: ‘सीटचं हेडरेस्ट काच फोडण्यासाठीच काढता येईल असं बनवलेलं असतं.’ तसं नाही. ते उंचीप्रमाणे खालीवर करता यावं म्हणून निघतं. अंधेरी किंवा मिलन सबवेत पाणी भरतं तेव्हा, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा लोक गाड्यांत अडकून गेले, हे लक्षात ठेवून काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवावी, डिकीत नाही. ती समोरच्या काचेवर मारून उपयोग नाही. ती लॅमिनेटेड असते, तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, म्हणून कोपऱ्यातला शिक्का आजच वाचून ठेवा.

एक ॲक्सेसरी तर घेऊच नये: सीटबेल्टचा अलार्म गप्प करणारी क्लिप. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो यांना ती काढायला लावली. १३,११८ जाहिराती उतरल्या. त्याआधी ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्टविना असताना अपघातात गेले होते. एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करते, त्याच्या जागी नाही.

बोटीवर: ‘दोन्हीकडे बाराच व्होल्ट’

वेसावा, मढ, मनोरी, गोराई. अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिमेला हे कोळीवाडे आहेत, आणि तिथल्या बोटींवर गाडीचेच दिवे, गाडीचाच स्टिरिओ, गाडीचीच वायर अनेकदा दिसते. व्होल्टेज जुळतं, बाकी काही जुळत नाही. गाडीत निगेटिव्ह पत्र्यातून परत जातो, म्हणून एकच तार चालते. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत दोन्ही तारा ओढाव्याच लागतात. निगेटिव्ह इंजिनाला कुठेही टेकवून दिला तर भरकटलेला करंट पाण्यातून जातो आणि पंखा, शाफ्ट यांचा धातू खातो. पंख्याजवळचा जस्ताचा तुकडा वेळेआधी संपला तर संशय इथे घ्यावा. उघड्या तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी. महाग पडते, पण पुन्हा पुन्हा बदलायला लागत नाही.

‘आयपी६७ आहे, समुद्रात चालेल.’ तो शिक्का सांगतो एवढंच, की वस्तू गोड्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास टिकली. खारं पाणी, लाटेचा मारा, चार्जिंगच्या भोकात सुकलेलं मीठ यांची ती परीक्षा नव्हे. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि तिचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. आणखी एक, जे गाडीत कुणाच्या ध्यानीमनी येत नाही: स्पीकरच्या मागे चुंबक असतो. तो होकायंत्राजवळ बसवला तर दिशा चुकते, आणि धुक्यात जीपीएस बंद पडल्यावरच ते कळतं.

वायरलेसबद्दल बोट चालवणाऱ्या तांडेलांमध्येही एक समज पक्का आहे: जास्त वॅटचा सेट, जास्त लांबचा आवाज. व्हीएचएफची लहर जवळजवळ सरळ जाते, त्यामुळे पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. पाण्यापासून ४ मीटर उंच अँटेनांच्या दोन बोटी एकमेकींना साधारण १६ किलोमीटरपर्यंत ऐकतात. किनाऱ्यावरचा मनोरा १०० मीटर उंच असेल तर तोच सेट ५० किलोमीटरच्या आसपास पोचतो. सेट बदलण्याआधी अँटेना उंच करा आणि केबलचा जोड उघडून बघा. आत हिरवा गंज असेल तर २५ वॅटचा सेटही मुका.

‘मोबाइल आहे की’ हे किनारा दिसतो तोवरच खरं. त्यापुढे वायरलेसचं चॅनेल १६, आणि इस्रोने विकसित केलेला डॅट, जो बटण दाबल्यावर उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला बोटीची जागा कळवतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या मासेमारी बोटींवर १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. हे तंत्रज्ञानही इस्रोचंच. मोबाइलला रेंज असेल तेव्हा तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

या कामांना योग्य हंगाम म्हणजे जून-जुलैची मासेमारीबंदी, बोटी ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा. टेपचे सगळे जोड कापून काढावेत, त्या जागी दाबून बसवलेले लग आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी घालावी, प्रत्येक तारेला बॅटरीपाशी वीतभर अंतरात तिच्या जाडीचा फ्यूज द्यावा, आणि सेटला जाणारी केबल खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे पाणी तारेवरून घरंगळत आत शिरणार नाही. मग सेट चालतो का ते बघताना चॅनेल १६ वापरू नये. ते संकटासाठी मोकळं ठेवायचं असतं. शेजारच्या बोटीशी आधी ठरवून दुसऱ्या चॅनेलवर बोलून बघावं.